ग्रंथालयातील संगीत

सार्वजनिक ग्रंथालय म्हटले की लांबलचक मेजांवर पसरलेली वर्तमानपत्रे, काचेच्या कपाटांतील कादंबऱ्या आणि भिंतीवर टांगलेली ‘शांतता राखा’ ही पाटी, हेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ज्या जागी मोठ्याने खोकणेही असभ्यपणाचे गणले जाते, त्या जागेचा गाण्याबजावण्याशी काय संबंध असावयाचा? तथापि पाश्चात्य देशांतील कित्येक मोठ्या शहरांत नगरपालिकेच्या ग्रंथालयाचा एक विभाग केवळ संगीतासाठी राखलेला आहे; आणि एखाद्या गृहिणीने कादंबरी बदलून न्यावी तितक्या सहजपणे तेथून एखादे गायनमंडळ आपल्या सबंध कार्यक्रमाचे साहित्य पेट्या भरून घेऊन जाते. ही सोय सुखासुखी झालेली नाही. कराच्या पैशांतून पुस्तके घ्यावीत की नाही, याविषयीच जेथे एके काळी कडाक्याचा वाद माजला, तेथे सुरांची पाने विकत घेण्याची गोष्ट फारच दूरची होती. ती घडून कशी आली, हे समजण्यास इंग्लंडातील मँचेस्टर शहराच्या इतिहासाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

इंग्लंडात सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा १८५० साली झाला. त्याचे श्रेय मुख्यत्वेकरून दोन गृहस्थांकडे जाते. एक, पार्लमेंटचे सभासद विल्यम युअर्ट, आणि दुसरे, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात नोकरीस असलेले एडवर्ड एडवर्ड्‌स. एडवर्ड्‌स हे एका गवंड्याचे चिरंजीव. शाळेपेक्षा स्वतःच्या वाचनावरच त्यांचे शिक्षण झालेले. यूरोपखंडातील शहराशहरांत जनतेस खुली असलेली ग्रंथालये किती आणि इंग्लंडात किती, याचे कोष्टक त्यांनी १८४९ साली पार्लमेंटच्या चौकशी समितीपुढे मांडले. त्यांतील कित्येक आकडे पुढे टीकाकारांनी चुकीचे ठरविले; पण त्यांतून निघणारी लाजिरवाणी गोष्ट खरीच होती, आणि ती कोणाला नाकारता आली नाही. विरोधकांची भीती अशी की, मजुरांना फुकट वाचावयास मिळाले तर वाचनालयांचे रूपांतर राजकीय व्याख्यानांच्या आखाड्यांत होईल. कर्नल सिब्थॉर्प नावाच्या सभासदांनी तर भर सभेत सांगून टाकले की, आपल्याला वाचन मुळीच आवडत नाही आणि ऑक्सफर्ड येथे असताना त्याचा आपल्याला तिटकाराच असे. या एका गृहस्थाच्या प्रांजळपणाबद्दल आभारच मानले पाहिजेत. बाकीच्यांनी तीच गोष्ट करदात्यांच्या हिताच्या भाषेत सांगितली.

कायदा झाला, पण तो हातपाय बांधूनच जन्मास आला. दहा हजारांहून अधिक वस्तीच्या शहरासच तो लागू. तोही करदात्यांचे मत घेऊन दोनतृतीयांश मते अनुकूल पडली तर. आणि कर बसवावयाचा तो घरपट्टीच्या प्रत्येक पौंडामागे केवळ अर्ध्या पेनीचा. यांतील सर्वांत चमत्कारिक कलम मात्र निराळेच होते. या करातून पुस्तके विकत घेण्याची परवानगीच नव्हती! इमारत बांधा, दिवे लावा, माणूस नेमा. पण कपाटांत ठेवावयाची पुस्तके कोणा उदार गृहस्थाकडून मागून आणा, असा त्याचा अर्थ. १८५५ साली दुसरा कायदा होऊन पुस्तके घेण्याची मोकळीक मिळाली आणि अर्ध्या पेनीची एक पेनी झाली. ही एका पेनीची मर्यादा पुढे १९१९ सालापर्यंत, म्हणजे चौसष्ट वर्षे, कायम राहिली. संगीताच्या संग्रहांचा इतिहास ध्यानात येण्यास ही पेनी विसरून चालणार नाही. एका पेनीत भाडे, पगार, कोळसा, बांधणी आणि नवी पुस्तके इतके सारे भागवावयाचे. मग जे महाग, जे दुर्मिळ, जे थोड्यांच्या उपयोगाचे, ते सर्व दात्यांच्या मर्जीवर सोडावे लागले. बहुतेक मोठ्या संगीतसंग्रहांवर कोणा ना कोणा व्यक्तीचे नाव का आढळते, याचे कारण पुष्कळ अंशी हेच होय.

मँचेस्टरने या कायद्याचा लाभ तत्काळ घेतला. मतदानात ३,९६२ मते अनुकूल आणि केवळ ४० प्रतिकूल पडली. शहराचे नगराध्यक्ष जॉन पॉटर यांनी वर्गणी गोळा करून एक जुने सभागृह विकत घेतले आणि २ सप्टेंबर १८५२ रोजी तेथे ग्रंथालयाचे उद्‌घाटन झाले. समारंभास डिकन्स, थॅकरे आणि बुल्वर लिटन असे त्या काळचे तीन नामांकित कादंबरीकार हजर होते. बिचारे थॅकरे भाषणास उभे राहिले आणि मध्येच अडखळून, पुढचे शब्द न सुचल्याने, खाली बसले. पहिले ग्रंथपाल म्हणून एडवर्ड्‌स यांचीच नेमणूक झाली होती. पण त्यांचा स्वभाव तापट, समितीशी त्यांचे पटेना, आणि १८५८ साली त्यांना काढून टाकण्यात आले. इंग्लंडातील ग्रंथालयांचा पाया ज्यांनी घातला, त्यांना १८८६ साली विपन्नावस्थेत मृत्यू आला.

ज्या वर्षी एडवर्ड्‌स गेले, त्याच वर्षी या गिरण्यांच्या शहरात दुसरी एक गोष्ट सुरू झाली. जर्मनीत जन्मलेले आणि पॅरिसमधील क्रांतीनंतर इंग्लंडात येऊन स्थायिक झालेले पियानोवादक चार्ल्‌स हॅले यांनी १८५८ साली मँचेस्टरात आपला वाद्यवृंद उभारला आणि स्वस्त दराच्या जागा ठेवून सामान्य लोकांसही ऐकावयास बोलावले. गायनमंडळे तर त्या भागात गल्लोगल्ली होती. देवळातील गायकवृंद, गिरणीतील कामगारांचे वृंद, शाळांतील वृंद. लँकेशर आणि यॉर्कशर या परगण्यांत हँडेलचे ‘मसाया’ म्हणणे हा नाताळातील जणू कुळाचारच होऊन बसला होता. लंडनच्या नॉव्हेलो नावाच्या प्रकाशन संस्थेने १८४० नंतर स्वरलिपीच्या छापील प्रतींच्या किमती इतक्या उतरविल्या की, पूर्वी केवळ धनिकांच्या दिवाणखान्यात दिसणारी पाने विणकराच्या हातात आली. जॉन कर्वेन यांच्या सा-रे-ग-म सारख्या अक्षरपद्धतीने ती वाचणेही सोपे झाले.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपल्याकडील गायनाहून ती सर्वस्वी भिन्न आहे. आपली चीज कागदावर उतरवून घेतली तर तिला अर्धे पान पुरते. तीवरून गवई तासभर गातो, आणि त्या तासात जे येते ते कागदावर नसतेच. पाश्चात्य समूहगायनात निरनिराळ्या उंचीचे चार आवाज एकाच वेळी चार निरनिराळ्या ओळी गात असतात. कोणी कोठे थांबावे, कोणी कोठे उचलावे, हे सारे लिहून ठेवलेले असते. म्हणून शंभर गायकांचा वृंद असेल तर शंभर प्रती हव्यात. वाद्यवृंदाचे तर याहून अवघड. संचालकापुढे सर्व वाद्ये एकाखाली एक मांडलेली समग्र प्रत असते. पण प्रत्येक वादकापुढे त्याच्याच वाद्याचे स्वतंत्र पान लागते. पहिल्या व्हायोलिनची पाने आठ, दुसऱ्याची सात, बासरीची दोन, तुतारीची दोन, अशी मोजदाद करीत एका सिंफनीचा जो गठ्ठा तयार होतो, तो मिळून ग्रंथपालाच्या लेखी एक पुस्तक! त्यांतील एक पान हरवले तरी सारा गठ्ठा निरुपयोगी. कादंबरीचे शेवटचे पान फाटले तर वाचक चडफडतो. येथे साठ माणसे वाद्ये घेऊन बसलेली असतात, आणि दुसऱ्या क्लॅरिनेटपुढे काहीच नसते.

छापील प्रत स्वस्त झाली हे खरे. पण एक प्रत स्वस्त होणे निराळे आणि शंभर प्रती परवडणे निराळे. आज हे, सहा महिन्यांनी ते, असे नवे काही गावयाचे म्हटले की मंडळाची शिल्लक संपे. म्हणून मंडळे तीच ती चारदोन कामे वर्षानुवर्षे गात. एकदा गाऊन झालेला शंभर प्रतींचा गठ्ठा चिटणिसाच्या माळ्यावर धूळ खात पडे आणि शेजारच्या गावचे मंडळ तेच गठ्ठे पुन्हा विकत घेई. ज्याला समाईक मालकीची निकड म्हणावे, ती पुस्तकांपेक्षाही येथे अधिक होती. एक पुस्तक एकट्यास घेणे शक्य तरी असते. एक सिंफनी एकट्यास घेऊन उपयोगच नाही.

ही निकड ज्यांनी स्वतः भोगली होती, अशा एका माणसाने ती दूर केली. डॉ. हेन्री वॉटसन यांचा जन्म १८४६ साली बर्न्ली या गिरणीगावी गरीब घराण्यात झाला. मँचेस्टरात येऊन त्यांनी देवळात ऑर्गन वाजविला, गायकवृंद चालविले, शिकवण्या केल्या. १८८७ साली केंब्रिज विद्यापीठाची संगीतातील डॉक्टर ही पदवी मिळविली आणि हॅले यांनी १८९३ साली काढलेल्या संगीत महाविद्यालयात ते अध्यापक झाले. कमाई बेताचीच, पण तिचा मोठा भाग ग्रंथांत आणि स्वरलिपीच्या प्रतींत जाई. संग्रह करणारे पुष्कळ असतात. कोणी चांगल्या बांधणीसाठी जमवितो, कोणी दुसऱ्याकडे नाही म्हणून जमवितो. डॉ. वॉटसन यांचा संग्रह काम करणाऱ्या माणसाचा होता; त्यात संगीतशास्त्रावरील जुने दुर्मिळ ग्रंथ जसे होते, तसेच रोजच्या गायकास लागणारे साधे साहित्यही होते.

१८९९ साली त्यांनी दानपत्र करून हा सर्व संग्रह मँचेस्टरच्या नगरपालिकेस दिला. त्या वेळी त्यात सुमारे १६,७०० खंड होते. आपल्या हयातीत तो आपल्याजवळ राहावा अशी प्रथम योजना होती. परंतु पुढे त्यांनी तेवढीही सवलत सोडली आणि १९०२ साली संग्रह शहराच्या ताब्यात दिला. दिल्यानंतरही त्यांचे जमविणे थांबले नाही. १९११ साली ते वारले तेव्हा खंडांची संख्या तीस हजारांवर गेली होती. त्यांनी जमविलेली जुनी वाद्ये संगीत महाविद्यालयास मिळाली. एका वाद्यशिक्षकाच्या मिळकतीतून हे घडले, ही गोष्ट त्या शहरातील कापसाच्या व्यापाऱ्यांस विचार करावयास लावणारी होती.

याच सुमारास अटलांटिकपलीकडे बॉस्टन शहरात असाच एक दाता निघाला. ॲलन ब्राउन या रसिक गृहस्थांनी १८९४ साली आपला सुमारे सात हजार खंडांचा संगीतसंग्रह तेथील सार्वजनिक ग्रंथालयास अर्पण केला. त्यांची एक अट होती: कोणतेही पुस्तक इमारतीबाहेर जाऊ नये. ते स्वतः या संग्रहात सतत भर घालीत आणि जलशांचे कार्यक्रमपत्रक, वर्तमानपत्रांतील परीक्षणांची कात्रणे त्या त्या पुस्तकास चिकटवून ठेवीत. आज त्या कात्रणांस अभ्यासकांच्या दृष्टीने ग्रंथांइतकेच मोल आले आहे. ब्राउन यांची अट कळण्यासारखी आहे. आयुष्यभर जपलेली वस्तू भिजलेल्या पिशवीतून गावभर फिरावी, हे कोणासही रुचणार नाही. परंतु वाचून समजणारी वस्तू आणि वाजवूनच समजणारी वस्तू यांत भेद आहे. स्वरलिपी शांत खोलीत बसून डोळ्यांनी वाचणारे विद्वान जगात थोडे. इतरांना ती घरच्या पियानोवर किंवा मंडळाच्या तालमीतच नेली पाहिजे. बॉस्टनने संगीताचे भांडार केले, मँचेस्टरने संगीताची पाणपोई केली. दोहोंचा उपयोग आहे, पण तहान भागविते ती पाणपोई.

देवघेवीचे हे तत्त्व पुढे सर्वांत दूरवर नेले ते फिलाडेल्फिया येथील एडविन फ्लायशर या कापड कारखानदारांनी. होतकरू मुलांना वाद्यवृंदात वाजविण्याची सवय व्हावी म्हणून त्यांनी १९०९ साली एक मंडळ काढले आणि त्यास लागणारी पाने मिळविण्यासाठी यूरोपातील प्रकाशकांची दुकाने पालथी घातली. १९२९ साली हा सर्व संग्रह त्यांनी शहराच्या ग्रंथालयास दिला. पाठोपाठच जागतिक मंदी आली आणि बेकार वादकांचे हाल सुरू झाले. तेव्हा सरकारी मदतीच्या योजनेतून अशा माणसांना या ग्रंथालयात नकला करण्याच्या कामावर बसविण्यात आले. ज्या अमेरिकन संगीतकारांच्या रचना कोणी छापीत नव्हते, त्यांच्या हस्तलिखितांवरून एकेका वाद्याचे पान या लोकांनी शाईने उतरवून काढले. एरवी संगीतकाराच्या मेजातच राहिल्या असत्या अशा कित्येक रचना त्यामुळे वाजविण्याजोग्या झाल्या. आजही जगातील वाद्यवृंद या संग्रहातून पाने मागवितात.

ग्रंथालयात ठेवलेली वस्तू किती काळ निपचित पडून राहू शकते आणि तरीही वाया जात नाही, याची एक नवलाची हकीगत मँचेस्टरच्याच संग्रहाची आहे. रोम येथील कार्डिनल ऑट्टोबोनी हे संगीताचे मोठे आश्रयदाते. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या ग्रंथालयातील संगीताची हस्तलिखिते विक्रीस निघाली आणि १७४२ साली चार्ल्‌स जेनन्स या इंग्रज जमीनदारांसाठी त्यांच्या एका मित्राने ती विकत घेतली. हेच जेनन्स हँडेलच्या ‘मसाया’साठी बायबलांतील वचने निवडून देणारे. त्यांच्यानंतर तो संग्रह त्यांच्या आप्तांकडे, आइल्सफर्डच्या उमरावांच्या घराण्यात गेला. १९१८ साली तो लिलावात निघाला तेव्हा त्याचा मोठा भाग हँडेलचे चरित्रकार न्यूमन फ्लॉवर यांनी घेतला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९६५ साली मँचेस्टरच्या ग्रंथालयाने तो खरेदी करून डॉ. वॉटसन यांच्या नावाच्या विभागात ठेवला. सर्वांचे लक्ष अर्थातच हँडेलच्या कागदांकडे होते. १९७३ साली मायकेल टॉल्बट हे अभ्यासक तेथील इतर हस्तलिखिते पाहात असता, त्यांच्या ध्यानात आले की त्यांत व्हेनिसचे विख्यात संगीतकार विवाल्डी यांचे व्हायोलिनसाठी रचलेले बारा सोनाटा आहेत. ‘मँचेस्टर सोनाटा’ या नावाने ते आता जगभर वाजविले जातात. रोमहून इंग्लंडात आल्यापासून दोनशे एकतीस वर्षे ते कागद कोणाच्या ना कोणाच्या मालकीचे होते. खाजगी घराण्यात असता ते पाहावयास परवानगी हवी. सार्वजनिक ग्रंथालयात आल्यावर आठ वर्षांच्या आत ज्यास ते कळतील असा माणूस त्यांच्यापर्यंत पोचला.

स्वरलिपीनंतर ध्वनिमुद्रिकांची पाळी आली. अमेरिकेतील सेंट पॉल शहराच्या ग्रंथालयाने १९१४ साली ग्रामोफोनच्या तबकड्या ठेवण्यास प्रारंभ केला. इंग्लंडातील नगरपालिकांत ही प्रथा रुळली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तबकडी हे ग्रंथपालांच्या दृष्टीने मोठे नाजूक प्रकरण. कित्येक ठिकाणी तबकडी नेणाऱ्यास आपल्या यंत्राची सुई आणून दाखवावी लागे, आणि परत आलेली तबकडी उजेडात तिरकी धरून ओरखडे मोजले जात. कागद न वाचता येणाऱ्या रसिकालाही ग्रंथालयाचे दार यामुळे उघडले, हा लाभ मात्र मोठाच.

येथवरच्या हकीगतीत कागदाला जे महत्त्व आहे, ते आपल्या देशात संगीताच्या बाबतीत फार उशिरा आले, आणि अद्यापही ते पुरते आलेले नाही. तसे पाहिले तर कायद्याने कुचराई केली नव्हती. १८६७ साली हिंदुस्थानात छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा जो कायदा झाला, त्यात ‘पुस्तक’ या शब्दाच्या व्याख्येत संगीताचे स्वतंत्र छापलेले पानही घातलेले होते. पण छापावयास संगीत द्यावयाचे कोणी? आपले संगीताचे ग्रंथालय म्हणजे उस्तादाचा कंठ, आणि त्याची किल्ली त्याच्या मर्जीत. चीजा हुंड्यात दिल्याच्या गोष्टी गवई मंडळींत सांगितल्या जातात. यास केवळ कंजूषपणा म्हणून हिणविणे न्यायाचे नाही. ज्याला जमीन नाही, पगार नाही, संस्थानिकाची मर्जी फिरली की उद्याची भ्रांत, त्याच्याजवळ मुलाबाळांना ठेवावयास दुसरे काय होते? परंतु परिणाम व्हावयाचा तो झालाच. ज्या गवयास शिष्य मिळाला नाही, त्याच्याबरोबर त्याचे सारे भांडार गेले.

जुन्या शास्त्रग्रंथांची गोष्ट थोडी निराळी होती. ते निदान कोठेतरी लिहिलेले होते. तंजावरच्या भोसले राजांचे सरस्वती महाल ग्रंथालय हे त्यांतले मोठे आगर. त्याच घराण्यातील तुळजाजी महाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचला, आणि शरफोजी महाराजांनी, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, त्या ग्रंथालयास आजचे वैभव दिले. ते जनतेस खुले झाले १९१८ साली. त्यापूर्वीच, १९०४ साली, मुंबईचे एक वकील दक्षिणेच्या दौऱ्यावर निघून मद्रास, तंजावर, मदुरा असे हिंडत संगीतावरील हस्तलिखितांचा शोध घेत होते. हे पंडित विष्णु नारायण भातखंडे होत. एट्टयापुरम येथे त्यांनी सुब्बराम दीक्षितरांची भेट घेतली, ज्यांचा कर्नाटक संगीतावरील प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता.

भातखंड्यांच्या कार्याकडे रागशास्त्राच्या वादातूनच पाहण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यांचे थाट बरोबर की चूक, यावर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली. त्यांच्या कामाची ग्रंथालयाच्या दृष्टीने किंमत कोणी फारशी केलेली नाही. गायन उत्तेजक मंडळीत तालीम घेतलेल्या या गृहस्थांनी संस्थानांतून हिंडून, गवयांची मने वळवून, चीजा ऐकल्या, स्वरलिपीत उतरविल्या, आणि ‘क्रमिक पुस्तकमालिका’ या नावाने सहा भागांत अठराशेहून अधिक चीजा छापून टाकल्या. १९२० पासून हे भाग निघू लागले. अखेरचे भाग निघाले तेव्हा ते हयात नव्हते. डॉ. वॉटसन यांनी छापलेले जमविले. भातखंड्यांना जमविण्यापूर्वी लिहावे आणि छापावे लागले. तिकडे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि स्वतःचा छापखाना घालून स्वरलिपीची पुस्तके काढली. त्याहीपूर्वी बडोद्यास मौलाबक्ष यांनी हा उद्योग केलेला होता. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली तेथे त्यांची गायनशाळा सुरू झाली. पुढे त्याच बडोद्यात महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांस बोलावून राज्यभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले, खेड्यापाड्यांतून पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठविल्या, आणि १९१६ साली अखिल भारतीय संगीत परिषदही तेथेच भरविली.

क्रमिक पुस्तकांवर जुन्या मंडळींचा आक्षेप असा की, कागदावरून गाणे येत नाही. तो खरा आहे, आणि भातखंडेही तो नाकारीत नसत. कागदावर असतो तो चिजेचा सांगाडा. मींड, कण, आवाजाचा लगाव हे सारे तालमीचे. पण सांगाडा तरी राहिला. ज्या घराण्यात तो राहिला नाही, तेथे आज तालीम देऊ म्हणणाऱ्यापाशीही द्यावयास काही नाही. या पुस्तकांची प्रत आता गावोगावच्या वाचनालयांत मिळते आणि ज्याला हवी त्याला ती पावती करून घरी नेता येते; तीस वर्षे पायाशी बसल्यावर जी चीज कदाचित मिळे, ती नेण्यास आता वर्गणीदार असणे पुरते.

जे कागदावर मावत नाही, त्यासाठी तबकडी होती. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हापासून ती या देशात आहे. तीन मिनिटांत ख्याल आटोपावा लागे, तरी आवाज खरा होता. सगळेच गवई तीपुढे बसले नाहीत. भास्करबुवा बखले १९२२ साली वारले. त्यांच्या गाण्याचे वर्णन ज्यांनी ऐकले त्यांनी पुष्कळ केले आहे, पण त्यांची एकही तबकडी उपलब्ध नाही. ज्यांच्या होत्या, त्यांच्याही जपल्या गेल्या त्या बहुधा छंदिष्ट माणसांनी, जुन्या बाजारातून आणे-दोन आण्यांस घेऊन, खाटेखाली रचून. स्वतंत्र भारतात १९५४ साली प्रकाशकांनी ग्रंथालयांस प्रती देण्याचा जो कायदा झाला, त्यानुसार छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कलकत्ता, मद्रास, मुंबई येथील ग्रंथालयांस पोचती करावी लागते. ‘पुस्तका’च्या व्याख्येत १८६७ सालाप्रमाणेच संगीताचे छापील पान होते. तबकडी तीत नव्हती.